बाहेरच्या पेगवरचं वजन

सुपरमोटो म्हणजे अर्ध्या डांबरी, अर्ध्या मातीच्या ट्रॅकवरची बाईकची शर्यत. पहिले चार महिने मी ती शिकत नव्हतो, पाय घासायला शिकत होतो. व्हिडिओत तेच दिसतं ना. वळण आलं की गडी आतला पाय पुढे फेकतो, बाईक जवळजवळ आडवी होते आणि तो मात्र खुर्चीत बसल्यासारखा ताठ. बघणाऱ्याचा डोळा त्या फेकलेल्या पायावर जातो आणि तिथेच आपण फसतो. नव्याने सुरू करणाऱ्यांची ही चूक वाचावी म्हणून लिहितोय.

माझं गाव दोडामार्ग, नोकरी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. दोन वर्षांपूर्वी जुनी एक्सपल्स 200 बाईक घेतली. तिची पुढची 21 इंची आणि मागची 18 इंची चाकं उतरवून दोन्हीकडे 17 इंची बसवून घेतली. 17 इंचीत रस्त्यासाठीचे रुंद, चांगली पकड देणारे टायर सहज मिळतात. दुसरा परिणाम मला आधी कोणी सांगितला नव्हता. पुढचं चाक मागच्यापेक्षा जास्त लहान होतं, त्यामुळे बाईकचं नाक खाली बसतं आणि हँडल एकदम चपळ होतं. पहिल्या दिवशी ती मला दावं सुटलेल्या वासरासारखी वाटली. असे बदल करून गाडी रस्त्यावर काढणार असाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी वाचा आणि आरटीओत विचारून घ्या. पोलिसाने अडवल्यावर वाचण्यात मजा नाही.

हा खेळ निघाला तोच मिसळीतून. 1979 साली अमेरिकेत एबीसी वाहिनीने 'सुपरबायकर्स' नावाची शर्यत दाखवायला सुरुवात केली. डांबरावरचे, मोटोक्रॉसचे आणि मातीच्या गोल ट्रॅकवरचे असे तिन्ही प्रकारचे रेसर एकाच ट्रॅकवर उतरवायचे आणि भारी कोण ते बघायचं. म्हणून ट्रॅकही अर्धा डांबराचा, अर्धा मातीचा. पुढे हा प्रकार युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, चांगला रुजला. पाय काढण्याची सवय आली ती मातीवरून. तिथे चाक कधी घसरेल याचा नेम नसतो, म्हणून पाय तयारीत ठेवायचा. डांबरावर गुडघा टेकवून लटकणाऱ्यांची रीत वेगळी, ती या उंच बाईकवर जशीच्या तशी बसत नाही.

सरावाला आम्हाला ओळखीतल्या एकाच्या कारखान्याचं काँक्रीटचं यार्ड रविवारी मिळायचं, रीतसर परवानगीने. तिथे फोंड्याचा एक दादा यायचा. वय पन्नाशीपार, तरुणपणी मातीवर खूप गाड्या पळवलेला. तो अर्धा तास बांधावर बसून माझ्या चकरा बघत राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "पाय काढतोस ते बरं आहे रे. पण बसलायस कुठे?"

बसलो होतो सीटच्या मधोमध, टाकीपासून वीतभर मागे, बुलेटवरून मडगावला निघाल्यासारखा. दादाने बाईक स्टँडवर लावली, मला वर चढवलं आणि डाव्या वळणाची बैठक हाताने ढकलून ढकलून बसवली. आधी पुढे सरक, टाकीला खेटून. मग बूड उजवीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला, इतकं की सीटची कड बुडाच्या मधोमध यावी. उजव्या पायाचा चवडा पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, अंगाचा भार त्याच्यावर, गुडघा टाकीला दाबलेला. उजवं कोपर वर आणि बाहेर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दीतून वाट काढताना आपोआप येतं तसं. डावा हात जवळपास सरळ, हँडल खाली दाबणारा. छाती हँडलच्या वर, डोकं सरळ, नजर वळण जिथे संपतं तिथे. डावा पाय सगळ्यात शेवटी.

मग त्याने बाईक स्टँडवरून काढली, दोघांनी धरली आणि माझ्याखाली डावीकडे कलवली. मी जागच्या जागी ताठ, बाईक माझ्या मांड्यांमधून खाली गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की कलायचं बाईकने.

यामागचं गणित सोपं आहे. एखाद्या वळणावर एखाद्या वेगाला बाईक आणि माणूस मिळून किती कलायचं हे ठरलेलंच असतं. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी 18 किलोमीटरला साधारण 14 अंश. वेग दुप्पट करून 36 वर नेला की 45 अंश. वेग दुप्पट झाला, कल मात्र तिपटीहून जास्त. धुळकट काँक्रीटवर तेवढं जमणारच नाही, टायर आधीच हात टेकतो. आता तुम्ही आत लटकलात तर बाईकला थोडं कमी कलून भागतं. ताठ बसलात तर तुमच्या वाटणीचंही तिलाच कलावं लागतं. मग असा उलटा व्यवहार करायचा कशाला? सुपरमोटोची वळणं अरुंद, एकामागोमाग एक, वर थोडी माती, थोडी रेती. बाईक उंच, त्यामुळे पेग लवकर जमिनीला लागत नाही, आणि रुंद हँडलने तिला डावी-उजवी चटकन पाडता येतं. चाक वीतभर घसरलं तरी बाईक खालच्या खाली हलते, तुम्ही वर शाबूत.

बाहेरच्या पेगवर भार दिला की टायरची पकड वाढते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. वजन आहे तेवढंच राहतं. पण भार पेगवर गेला की बूड सीटवर मोकळं होतं आणि बाईकला तुमच्याखाली हलायला जागा मिळते. फरक पडतो तो तिथे.

भार खरंच तिथे आहे का, हे तपासायला दादाने एक युक्ती दिली. वर्तुळात फिरताना आतला पाय पेगवरून नुसता चार बोटं उचलायचा. बाईक डचमळली तर तुमचा भार आत आहे. काहीच झालं नाही तर पाय बाहेर काढायला तुम्ही मोकळे. मी पहिल्यांदा उचलला आणि वर्तुळ सोडून थेट कंपाउंडच्या भिंतीकडे निघालो. ती परीक्षा पास व्हायला मला तीन रविवार लागले.

वर्तुळाच्या खुणांना आम्ही सुरुवातीला करवंट्या ठेवायचो. फुकटच्या, घरात ढीगभर. एकदा त्यातली एक पुढच्या टायरखाली आली आणि मी बाईकसकट सपाट. तेव्हापासून चुन्याचे ठिपके आणि फाटक्या रबरी चपला. त्यांच्यावरून चाक गेलं तरी काही होत नाही.

आता त्या पायाबद्दल. पाय बाहेर म्हणजे पुढे, पुढच्या चाकाच्या आसाच्या दिशेने, बोटं वर, गुडघा किंचित वाकलेला, तळवा जमिनीवरून तरंगत. टेकला तर चाटून जावा, भार शून्य. मी काय करायचो, तर पाय बाजूला टाकून त्याच्यावर रेलायचो, तेही कंपनीतले सेफ्टी शूज घालून. त्यांचा सोल पकड धरण्यासाठीच बनवलेला. एका रविवारी काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या फटीत बूट अडकला. बाईक पुढे गेली, पाय मागे राहिला. घोटा नारळाएवढा सुजला. तीन आठवडे लंगडत ड्युटी केली आणि सुपरवायझरला जिन्यावरून घसरलो म्हणून सांगितलं. तेव्हा पैसे आधी मोटोक्रॉसच्या बुटांवर घाला. सायलेन्सर नंतर. हे मी सायलेन्सर आधी घेतलेला माणूस सांगतोय.

ब्रेक आणि गिअरचं एक त्रांगडं कोणी सांगत नाही. उजव्या वळणावर उजवा पाय बाहेर, म्हणजे मागचा ब्रेक गेला. डाव्या वळणावर डावा पाय बाहेर, म्हणजे गिअर गेला. म्हणून डावीकडे वळताना गिअर आधीच पाडून ठेवायचा आणि पाय मग काढायचा. उजवीकडे मागच्या ब्रेकचं काम संपेपर्यंत पाय पेगवरच, बाईक पडायला लागली की मगच बाहेर. पुढचा ब्रेक कल वाढेल तसा हळूहळू सोडत न्यायचा, झटक्याने नाही. वळणाच्या आतल्या टोकाला उशिरा शिवायचं, म्हणजे बाहेर पडताना रस्ता सरळ मिळतो आणि रेस लवकर देता येते. मागचं चाक आडवं घसरवत वळणात शिरणं दिसायला जबरदस्त, पण पहिलं वर्ष त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याला क्लच, इंजिनचं ब्रेकिंग आणि मागचा ब्रेक यांचा मेळ लागतो, आणि चुकलं की बाईक माणसाला वरून फेकते.

रस्त्यावर हे करायचं का, असं सगळे विचारतात. पाय काढायचा नाही, बस. केरीहून चोर्ला घाट चढताना पुढच्या वळणाआड कदंबाची बस आहे की रवंथ करणारी म्हैस, हे तुम्हाला ठाऊक नसतं. सत्तरीत एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर काजूचे बोंडू चिरडून पडलेले असतात, डिचोलीकडे खनिजाचे ट्रक धावतात तिथे डांबरावर लाल धूळ, आणि पहिल्या पावसात त्याच धुळीचा साबण होतो. अशा वेळी वेग उतरवा आणि बाईक उभी ठेवा. ताठ बसण्याची सवय मात्र इथेही कामाला येते, कारण वळणाआडचं लवकर दिसतं आणि खड्डा चुकवायला बाईक अंगाखाली हलवता येते. आपल्या पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटांकडे, म्हणजे गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्यांकडे, कधी नीट बघा. मागे गिऱ्हाईक, मांडीवर पिशवी, आणि पणजीच्या सर्कलला अंग सरळ ठेवून गाडी तेवढी कलवतात. त्यांना याचं नाव माहीत नसेल, पण बैठक पक्की.

माझं डावं वळण आता ठीक आहे. उजवं अजून बसत नाही. मागच्या ब्रेकवरून पाय उचलताना भार आपसूक आत येतो आणि बाईक डचमळते. त्यामुळे डाव्या दहा चकरांमागे उजव्या वीस, असं सध्या चाललंय. दादा बांधावर बसून मोजतो आणि मोजताना हमखास दोन-तीन विसरतो.