पद्मिनीचे ब्रेक सारखे जाम होतात? आधी दाब कुठे अडकतोय ते शोधा

प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी थंड असताना ब्रेक उत्तम, पण थोडं चालवून तापली की चाकं धरायला लागतात, ही नेहमीची तक्रार. दरवेळी व्हील सिलिंडरचं (चाकातला, ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबर किट बदललं जातं, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. दोष पुष्कळदा चाकात नसतोच.

तपासणी ब्रेक धरलेले असतानाच करा, थंड झाल्यावर काही कळत नाही. सपाट जागी ठोकळे लावून गाडी स्टँडवर घ्या. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक सोडलेला हवा. आता धरलेल्या चाकाचं ब्लीड निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. ब्रेक ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळं झालं, तर दाब ऑइलच्या वाटेत अडकलाय. थोडंसं ओघळणं चालतं, कारण ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधला (पेडलला जोडलेला, सगळ्या चाकांना ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) चेक व्हॉल्व्ह थोडा दाब राखून ठेवतो. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजलाय, ब्रेक परत ओढणारी स्प्रिंग सैल पडलीय किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय.

दाब अडकला असेल, तर निपल बंद करून पुन्हा ब्रेक धरू द्या आणि या वेळी मास्टर सिलिंडरचं आउटलेट सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये. नाही सुटलं, तर त्या चाकाचा रबरी होज (लवचिक नळी) आतून फुगलाय. तो बाहेरून नवाकोरा दिसतो, पण पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं आणि परत येत नाही. मागची दोन्ही चाकं एकदम धरत असतील, तर ॲक्सलवर जाणारा होज आधी बदला.

मास्टरमध्ये बहुधा पुशरॉडची (पेडलकडून पिस्टन ढकलणारा दांडा) मोकळीक संपलेली असते. पिस्टन पूर्ण मागे आला नाही, तर बारीक कॉम्पेन्सेटिंग पोर्ट (ऑइल टाकीत परत जायचं भोक) झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेल्या ऑइलला परतायला वाट उरत नाही. रॉड आणि पिस्टनमध्ये साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवा. पेडलखाली जाड मॅट असेल तर ती आधी काढा. त्यानेही पेडल अडतं.

सगळीच रबरं फुगलेली निघाली, तर ऑइलवर संशय घ्या. थेंबभर ऑइल पाण्यात टाका. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. वर तरंगलं, तर कुणीतरी इंजिन ऑइल ओतलंय. मग निव्वळ ऑइल बदलून भागत नाही. पाइप मिथिलेटेड स्पिरिटने धुवा, आणि होजसकट प्रत्येक रबर नवं टाका. सिलिंडरच्या भिंतीला नखाला लागतील असे खड्डे असतील, तर तो सिलिंडरही बदला.

शेवटी पाइपातली एअर (हवा) काढताना मास्टरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे बहुधा मागचं डावं चाक आधी घ्या. ब्रेकच्या जुन्या लायनरच्या (ड्रमवर घासणारं अस्तर) धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ती फुंकू नका. ओल्या फडक्याने पुसा.