नागपूरहून औलीला गाडीने निघताय? या चुका टाळा

नागपूर ते उत्तराखंडातलं स्कीइंगचं गाव औली हे अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त आहे. जानेवारीत मी आणि माझा धाकटा भाऊ आळीपाळीने गाडी चालवत जाऊन आलो. पाच दिवस स्कीइंग केलं, एक दिवस औलीच्या वरच्या गोरसों बुग्यालला, म्हणजे डोंगरावरच्या कुरणाच्या माळावर, पायी गेलो. वर जे अडलं, त्याचं मूळ बहुतेक वेळा नागपुरातल्या तयारीत होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी

आपला उन्हाळा ४५ अंशांवर जातो, त्यामुळे गाडीची काळजी म्हणजे ती तापू नये एवढंच आपल्या डोक्यात असतं. कूलंट कमी दिसलं की पाणी ओततो आणि इथे ते चालूनही जातं. औलीत मात्र रात्री पारा शून्याखाली उतरतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि रेडिएटर तडकायला तेवढं पुरतं. निघण्याआधी जुनं सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या.

आम्ही ते केलं होतं, पण वायपरची टाकी विसरलो. औलीच्या पायथ्याच्या जोशीमठला सकाळी फवारा सोडला तर नुसती मोटरची घरघर, थेंब नाही. काचेवर आदल्या दिवशी ट्रकने उडवलेल्या चिखलाचा पापुद्रा तसाच. अशा वेळी उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते. कोमट पाण्यात फडकं पिळून पुसा.

रात्री हँडब्रेकही ओढून ठेवू नका. ओली केबल गोठली तर सकाळी चाक सुटत नाही. गाडी सपाट जागी गिअरमध्ये लावा आणि चाकाला दगड द्या.

पहाटे चारला निघणं

उन्हाळ्यात ही सवय चांगली. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली या पट्ट्यात पहाटे दाट धुकं असतं. उशिरा निघा. आम्ही झाशी, मेरठ आणि ऋषिकेश असे तीन मुक्काम केले. धुक्यात हाय बीम लावला की पांढरी भिंतच उभी राहते. लो बीम आणि फॉग लॅम्प वापरा.

पाला न ओळखणं

आपल्याकडे पाला म्हणजे झाडाची पानं. गढवालात चहावाला ‘आगे पाला है’ म्हणाला, तर रस्त्यावर दव गोठलंय असं समजा. बर्फ पांढरा असतो, दिसतो. पाला डांबराच्याच रंगाचा असतो, फक्त ओला चकाकतो, आणि जिथे ऊन पोचत नाही अशाच वळणांवर टिकतो.

औलीला चढताना भाऊ चालवत होता. देवदारांच्या सावलीतल्या एका वळणावर गाडीचं मागचं अंग हळूच दरीकडे सरकलं. त्याने ब्रेक दाबला, चाकं जाम झाली, गाडी आणखी सरकली. पाय उचलला तेव्हा कुठे टायरने पकड घेतली. म्हणून असं वळण दिसलं की आधीच दुसऱ्या गिअरवर या आणि त्यावरून जाताना ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टिअरिंग काहीच झटक्यात वापरू नका.

पुढे गाडी थांबवून मी विचारलं, "झोप येऊन राहिली का तुला?"

"नाही गं ताई. सकाळपासून हात थरथरून राहिलेत. तुला कसं सांगू म्हटलं."

मित्र शेजारी असता तर त्याने कधीच सांगितलं असतं. मोठ्या बहिणीसमोर भाऊ गप्प बसतो, आणि मीही त्याला एकदा विचारलं नव्हतं. तिथेच ठरवलं: कुणीही ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. तुम्ही हे घरातूनच ठरवून निघा.

बर्फासाठी टायरवर चढवायची चेन घेतली असेल तर ती इंजिनाची ताकद जाते त्याच चाकांना लावायची. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं. अंगणात उजेडी दोनदा लावून बघा.

स्कीच्या बुटात दोन मोजे

दोन जोड घातले की पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि थंडी जास्तच वाजते. एकच पातळ, लांब मोजा घाला. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये. माप चुकलं असेल तर लाजू नका, बदलून मागा.

उतार दिसला की भीतीने अंग मागे जातं. तसं झालं की स्की सुटतात, वळत नाहीत. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबलेली ठेवा. थांबायला स्कींची पुढची टोकं जवळ, मागची लांब. मांड्यांची तयारी मात्र महिनाभर आधी हवी. आम्ही रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढ-उतर केल्या. खरा उपयोग उतरण्याचा झाला.

जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे गृहीत धरू नका. जोशीमठची जमीन खचल्यावर २०२३ च्या जानेवारीत तो बंद केला होता. सध्या काय स्थिती आहे ते निघण्याआधी विचारा.

पहिल्याच दिवशी चढाई

नागपूर ३१० मीटरवर आहे, गोरसों ३,००० मीटरच्या वर. एक रात्र जोशीमठला काढा आणि चढाई शेवटी ठेवा. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. काळा चष्मा हवाच, बर्फावरून उलटणारं ऊन डोळे भाजतं. दुपारी दोनला जिथे असाल तिथून परत फिरा.

आम्ही एक वाजताच परत फिरलो. समोर नंदादेवी स्वच्छ दिसत होती, माळ अजून बराच वर जात होता, आणि भाऊ म्हणाला, "थांब." मी काठ्या वळवल्या. त्याचं डोकं दुखत होतं, हे मला खाली चहा पिताना कळलं.