इंटरडिसिप्लिनरी एमटेक-पीएचडी करताय? या चुका टाळा

इंटरडिसिप्लिनरी, म्हणजे दोन-तीन शाखा एकत्र असलेल्या कोर्सला जाताना सगळ्यात पहिली चूक म्हणजे नाव बघून फॉर्म भरणे. क्लायमेट, सस्टेनेबिलिटी, एआय असलं काही कोर्सच्या नावात दिसलं की पोरं उड्या मारतात. आयआयटी बॉम्बेचंच घ्या, तिथे सिस्टम्स अँड कंट्रोल हा पण इंटरडिसिप्लिनरी आणि सितारा (सीटीएआरए) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातला टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट पण, पण एकात गणितानं डोकं पिकतं आणि दुसऱ्यात गावात जाऊन पाणी, शेती, ऊर्जा याचे प्रश्न बघावे लागतात. म्हणून माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि आधीच्या बॅचच्या थिसिसची नुसती टायटलं वाचा, अर्ध्या तासात कळतं तिथे खरं काय चालतं ते.

एलिजिबिलिटी लोक फार उशिरा बघतात. गेटला, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेला, २०२१ पासून दोन पेपर देता येतात, पण कुठलेही दोन नाही, ठरलेल्या जोड्यांमधलेच. त्यात कुठला पेपर कुठल्या कोर्सला चालतो हे प्रत्येक संस्थेचं वेगळं. त्यामुळे आधी कोर्स ठरवा मग पेपर निवडा, मिळालेला स्कोअर ३ वर्षं चालतो. आपल्याकडे बरोबर उलटं करतात.

आता खरा घोळ, दोन गाईड. बंगळुरूला आयआयएससीत बायोइंजिनिअरिंगच्या पीएचडीला एक गाईड बायोलॉजीकडचा आणि एक इंजिनिअरिंगकडचा असतो, आणि ऐकायला हे भारीच वाटतं. पण अशा रचनेत कुठेही काय होऊ शकतं तर एक सर म्हणतात आधी मॉडेल पूर्ण कर, मॅडम म्हणतात डेटाच नाही तर मॉडेल कशाचं करतोस, आणि तुम्ही दोघांनाही वेगवेगळं भेटून दोघांनाही हो म्हणून येता. सहा महिने असेच जातात. दोघांना वेगळं भेटणं ही यातली मोठी चूक. महिन्यातून एकदा तरी दोघं एकाच खोलीत नाहीतर एकाच कॉलवर पाहिजेत, आणि मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळीत दोघांना एकाच मेलवर पाठवायचं. कटकट वाटेल पण नंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' हे ऐकावं लागत नाही. आणि लॅबची जागा, मशीनचा स्लॉट, कॉन्फरन्सचे पैसे कोणाच्या प्रोजेक्टमधून, हे जॉइन होतानाच विचारा. लाजू नका, दोघांनाही वाटत असतं की दुसरा देणार आहे.

आधीच अडकला असाल तर? दोघांचं पटतच नसेल तर रिसर्च कमिटी असते तिच्यासमोर विषय काढा. ती वर्षातून एकदा सही करायला नसते.

कोर्सवर्कमध्ये सगळंच थोडं थोडं घ्यायचा मोह होतो. थोडं इकॉनॉमिक्स, थोडं मशीन लर्निंग, थोडं पॉलिसी, आणि शेवटी एक ना धड भाराभर चिंध्या. एक विषय असा हवा की त्यात त्या डिपार्टमेंटच्या पोरांच्या बरोबरीनं बसता आलं पाहिजे. जे अजिबात येत नाही, म्हणजे मेकॅनिकलवाल्याला स्टॅटिस्टिक्स नाहीतर बीएस्सीवाल्याला कोडिंग, ते पहिल्याच सेमिस्टरला ऑडिट करून टाका, म्हणजे ग्रेड न घेता नुसतं वर्गात बसून शिका. मार्कांची भीती नाही.

रिसर्च पेपर कुठल्या जर्नलला पाठवायचा हे लिहायच्या आधी ठरवा. नाहीतर एक रिव्ह्यूअर म्हणतो यात नवीन काय आणि दुसरा म्हणतो काहीच कळलं नाही, आणि गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पीएचडीवाल्यांनी हीच काळजी परीक्षकांच्या बाबतीत घ्यावी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान दोन बाहेरचे परीक्षक थिसिस तपासतात, तर दोन्ही बाजू समजणारी माणसं कोण आहेत याबद्दल गाईडशी आधीपासून बोलून ठेवा.

राहिला नोकरीचा मुद्दा. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर जरा थांबा. असिस्टंट प्रोफेसरसाठी एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, बीई आणि एमई दोन्ही संबंधित ब्रँचमध्ये लागतात, आणि सिव्हिलच्या जागेसाठी तुमची इंटरडिसिप्लिनरी डिग्री संबंधित आहे की नाही यावर इंटरव्ह्यूआधीच छाननीत गाडी अडू शकते. सरकारी कंपन्यांच्या जाहिरातींतही ब्रँचची नावं नीट लिहिलेली असतात. अशा दोन-तीन जुन्या जाहिराती ॲडमिशनची फी भरायच्या आधी काढून वाचा.