पावसाळी ट्रेकआधी दरडीचा अंदाज घेताना या चुका टाळा

जुलै लागला की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. "दादा, रविवारी पाऊस कमी दाखवतोय, येऊ का?" महाड-पोलादपूरच्या घाटवाटांवर मी अठरा वर्षं माणसं नेतोय आणि बहुतेकांची पहिली चूक याच प्रश्नात असते. रविवारचा पाऊस नंतर बघू. गुरुवार, शुक्रवार, शनिवारी किती पडला ते आधी सांगा.

आपल्या डोंगरउतारांवर वर माती, मुरूम आणि सुटे दगड, खाली काळा कातळ. पाणी वरच्या थरातून मुरतं आणि कातळापाशी अडतं. तिथे ते साचत गेलं की वरची माती जड होते, कातळावरची तिची पकड सुटते आणि अख्खा उतार खाली येतो. हे मुरणं पाऊस थांबल्यावरही चालू असतं. 200 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर वीस हजार लिटर पाणी. त्यातलं थोडंफार वाहून गेलं, तरी उरलेलं डोंगराच्या पोटातच आहे. दोन तास ऊन पडल्याने ते जात नाही.

मी अंगणात सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवतो. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, आकडा वहीत लिहायचा, डबा रिकामा करायचा. तीन दिवसांची बेरीज 300 मिलिमीटरच्या वर गेली की घळीतली वाट बंद. हा माझा आकडा आहे, कुठल्या शास्त्राचा नाही. पण तो मी मोडत नाही, कारण एकदा मोडला होता.

त्या वर्षी जुलैच्या शेवटी अकरा जण रात्रभर प्रवास करून आले होते. तीन दिवसांची बेरीज चारशेच्या पुढे होती, पण सकाळी आभाळ फाकलं, ऊन आलं आणि मी त्यांच्या हट्टापुढे वाकलो. नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, तोंडाशी पऱ्ह्या (ओढा) ओलांडायचा होता. आदल्या दिवशी कमरेएवढं असलेलं पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. पोरं खूश झाली. शेवटच्या वाडीतले एक आजोबा इरलं पाठीवर टाकून म्हशी वळवत होते. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "येवढं कमी झालंय ते बरं नाय. वर कायतरी अडलंय." मी ओंजळीत पाणी घेतलं. गेरू कालवल्यासारखं लाल, तळाशी बारीक माती. ओल्या मातीचा उग्र वास येत होता.

आम्ही पऱ्ह्याच्या काठाने परत फिरलो नाही. बाजूच्या सोंडेवर चढलो, कारण अडलेलं पाणी फुटलं की ते पऱ्ह्यानेच येणार. एक जण पैसे परत मागत होता. पाऊण तासाने वरून ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला आणि नाळेतून चिखल, धोंडे, मुळांसकट झाडं खाली आली. आम्ही जिथे उभे होतो तिथलं किंजळाचं मोठं झाड दिसेनासं झालं. पैसे मागणारा मुलगा माझा हात धरून खाली बसला.

म्हणून पाणी वाचायला शिका. ओढा अचानक आटला, गढूळ झाला, कोरड्या बांधातून नवा झरा फुटला, तर तिथून मागे. जमिनीला नवी भेग, गडग्याला (दगडी बांधाला) आलेला फुगवटा, नुकतीच कललेली झाडं किंवा विजेचे खांब यांचाही अर्थ तोच.

अलर्टचा नुसता रंग बघून ठरवू नका. तो जिल्ह्याचा असतो. अलिबागचा किनारा आणि पोलादपूरचा घाट एकाच रायगडात येतात, पण पाऊस सारखा पडत नाही.

रस्त्यासाठी जेसीबीने पायथा कापलेल्या डोंगराखाली गाडी लावू नका. कानात इअरफोन नकोत. पायवाट सोडून घळीने शॉर्टकट मारणाऱ्याला मी पुन्हा नेत नाही. बर्फात 30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा, हे हिमालयात कोर्स करून आलेली मुलं तोंडपाठ सांगतात. तीच मुलं इथे भिजलेल्या उताराखाली जेवायला बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुक्कामाची चूक सगळ्यात महाग पडते. 22 जुलै 2021 ला आमच्या महाड तालुक्यातलं तळिये गेलं. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वर जायला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं पोहोचली नाहीत आणि माणसांना हातांनी चिखल उपसावा लागला. त्यामुळे "हे गाव यादीत नाही" असं कोणी म्हणालं की मी ते ऐकून घेत नाही. यजमानांना विचारतो: या पावसात दारं चौकटीत अडकायला लागलीत का? घरामागे भेग दिसली का? उत्तर हो आलं, तर तलाठ्याला फोन करतो आणि घरच्यांनाही तिथून हलायला सांगतो.

मुक्काम करायचाच तर मी सपाट सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उतारापासून आणि ओढ्याच्या मुखापासून लांब करतो. बूट घालूनच आडवा होतो. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावतो. पाळीवाल्याचं काम एकच, ओढ्याचा आवाज ऐकत बसायचं. तो वाढला तरी उठवायचं आणि एकदम बंद पडला तर सगळ्यांना आधी बाहेर काढायचं.