कार्टून कवटी कशी काढावी: आधी भोकं, मग हाडं

ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर टांगलेली धोक्याची पाटी आठवा. मधोमध कवटी, तिच्यामागे फुलीसारखी दोन हाडं आणि खाली ‘११००० व्होल्ट’. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ती पाटी कळते. नीट बघितलं तर त्या कवटीत असतं तरी काय? दोन मोठी भोकं, एक छोटं भोक आणि दातांची रांग. कार्टून कवटीचं सगळं गुपित त्यातच आहे. नवशिके हाडं काढत बसतात आणि भोकं शेवटी उरलेल्या जागेत कोंबतात. मीही तेच करायचो. माझी पहिली कवटी गॉगल घातलेल्या बटाट्यासारखी दिसत होती.

सामान फार लागत नाही. साधा ए-फोर कागद, एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर आणि शेवटी शाई भरायला काळा मार्कर किंवा जेल पेन. पेन्सिल इतक्या हलक्या हाताने चालवा की रेघ हातभर अंतरावरून जेमतेम दिसावी.

बाह्याकार

होल्डर खाली केलेला बल्ब डोळ्यांसमोर आणा. वर गोल, खाली निमुळतं. कागदावर साधारण ८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. वाटी उपडी घालून गिरवलंत तरी चालेल, कोणी विचारत नाही. त्याच्या खाली ३ सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर रुंद चौकट जोडा, खालचे कोपरे गोल करा. हा जबडा. आता एक उभी मधली रेघ मारा आणि वर्तुळाच्या माथ्यापासून साडेपाच सेंटिमीटरवर एक आडवी रेघ. हीच डोळ्यांची रेघ.

डोळे इतके खाली? हो, बरोबर पूर्ण उंचीच्या निम्म्यावर. खऱ्या माणसाचे डोळेही डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. आपल्याला ते वर वाटतात, कारण आपण समोरच्याचा चेहरा बघतो, टाळू बघत नाही. कवटी गोंडस हवी असेल तर ही रेघ आणखी अर्धा सेंटिमीटर खाली घ्या आणि जबडा लहान करा. नवजात बाळात मेंदूभोवतीचा भाग चेहऱ्याच्या जवळपास आठपट असतो, मोठ्या माणसात दोन-अडीचपट. म्हणून कपाळ मोठं आणि चेहरा इवलासा दिसला की आपल्याला बाळ आठवतं.

भोकं

आडव्या रेघेवर, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरच्या खोबण्या काढा. त्यांच्यामध्ये पाऊण सेंटिमीटर जागा सोडा. त्या अगदी गोल काढू नका. खऱ्या खोबण्या जराशा चौकोनी असतात आणि बाहेरचा कोपरा खाली ओघळलेला असतो, पायलटच्या गॉगलच्या काचांसारखा. एवढा एक ओघळ दिला की गोल चेंडूंची कवटी होते.

नाकाची जागा खोबण्यांच्या लगेच खाली. पत्त्यांतला बदाम उलटा करून लहानसा काढा. नाकाचा पुढचा भाग कूर्चेचा असतो, हाडाचा नाही, त्यामुळे कवटीत तिथे फक्त पोकळी उरते. (कवटीला नथ घालायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, टांगायला नाकच नाही. फेटा मात्र झकास बसतो.)

आता वर्तुळ आणि चौकट जिथे जुळतात, तिथला कोपरा बघा. खोबणीच्या बाहेरच्या बाजूला गालाचं हाड जरासं फुगवा आणि लगेच खाली रेघ आत ओढून घ्या. ही खाच नसेल तर चित्र दिव्याच्या काचेसारखं गुळगुळीत राहतं.

दात

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. बत्तीसच्या बत्तीस दात काढायला गेलात की तोंडाची खिडकीची जाळी होते. वरच्या ओळीत सहा पुरेत. आधी ओठांच्या जागी एक आडवी, कडांना किंचित वर वळलेली रेघ मारा. मग मधल्या रेघेवर दोन दातांमधली फट येईल अशा छोट्या उभ्या रेघा द्या. मधले दात रुंद, कडेला जाताना अरुंद. उभ्या रेघा जबड्याच्या टोकापर्यंत नेऊ नका, अर्ध्यातच सोडा. एखादा दात पडलेला दाखवलात तर कवटीला एकदम स्वभाव येतो.

हावभाव

माझ्या मते खरी मजा इथे आहे. कवटीला भुवया नाहीत, पापण्या नाहीत, ओठ नाहीत. ओठ नसल्यामुळे ती कायम दात दाखवत असते, म्हणून रडकी कवटीसुद्धा हसल्यासारखी दिसते. तेव्हा सगळा अभिनय खोबण्यांच्या वरच्या कडेकडून करून घ्यायचा. ती कड नाकाकडे उतरती कापली की कवटी चिडते. बाहेरच्या बाजूला उतरवली की बिचारी दुःखी होते. दोन्ही खोबण्या पूर्ण गोल करून जबडा खाली पाडला की दचकते. एका खोबणीच्या जागी नुसती कमान काढली की डोळा मारते. हाडाला डोळा मारता येत नाही हे कबूल, पण कार्टूनला येतो.

जबडा मोकळेपणाने हलवा. मोठ्या माणसाच्या कवटीत २२ हाडं धरतात आणि त्यांतलं हलणारं एकच, खालचा जबडा. तो वेगळा तुकडा म्हणून काढा, थोडा खाली आणि थोडा तिरका. खदखदून हसणारी कवटी तयार.

पाटीवरच्या कवटीचं आणि हसऱ्या कवटीचं अंतर किती कमी आहे, हे मेक्सिकोच्या होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) यांची छापचित्रं बघितल्यावर कळतं. त्यांनी कवटीवर पिसांची मोठी फॅशनेबल टोपी चढवली आणि श्रीमंतीचा तोरा मिरवणाऱ्यांची टिंगल केली. तिथे १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. त्या दिवसांत साखरेच्या कवट्या विकायला येतात, त्यांच्या खोबण्यांभोवती फुलांच्या पाकळ्या रंगवलेल्या असतात. आपल्या खोबणीभोवती तशा पाकळ्या काढून बघा, भीती पार पळते.

शाई

बाहेरची रेघ जाड, दातांच्या रेघा बारीक. खोबण्या आणि नाक पूर्ण काळं भरा. काळ्यात एक छोटा पांढरा ठिपका सोडलात तर कवटी जिवंत होऊन तुमच्याकडे बघू लागते. पाटीवरच्यासारखी थंड, परकी कवटी हवी असेल तर ठिपका नको. कपाळावर एक वेडीवाकडी तडा गेलेली रेघ शोभते. दोन नको, मग फुटलेलं मडकं दिसतं. रंग द्यायचा असेल तर पांढरा शुभ्र नको, फिका पिवळसर घ्या आणि गालाच्या हाडाखाली किंचित तपकिरी छटा द्या.

मागची हाडं सोपी आहेत: लांब दांडा आणि प्रत्येक टोकाला दोन-दोन गोळे. फुली आधी पेन्सिलने आखा, कवटीखाली येणारा भाग शाईत सोडून द्या.

समोरची कवटी जमली की तिरपी काढा. मधली रेघ वर्तुळावर चेंडूच्या शिवणीसारखी वळवा, लांबची खोबणी अरुंद करा आणि डोक्याचा मागचा फुगवटा विसरू नका. तो विसरला की कवटी मुखवट्यासारखी चपटी होते. आणि खोडरबर शाई पूर्ण सुकल्यावरच फिरवा. जेल पेन असेल तर दहा मिनिटं चहा प्या, मग पुसा.