मदतकार्यात नव्याने येताय? आधी तक्ता, मग समुपदेशन

आपत्तीनंतर किंवा संघर्षग्रस्त भागात काम करायला येणाऱ्या बहुतेकांना लोकांशी बोलायचं असतं, त्यांचं दुःख ऐकायचं असतं. हाती मात्र पहिल्या दिवशी तक्ता येतो: कोण, काय, कुठे, कधी करतंय. त्याला कारकुनी समजू नका. एका वस्तीत तीन संस्था ब्लँकेटं वाटतात आणि पलीकडच्या वस्तीत कोणीच फिरकत नाही, याचं कारण बरेचदा या तक्त्यातच सापडतं. गावाचं नाव चार जण चार तऱ्हेने लिहितात आणि एका गावाची चार गावं होतात. म्हणून प्रत्येक ठिकाणाला कोड द्या आणि तोच भरून घ्या. 'ठरलंय', 'चालू आहे' आणि 'संपलं' यांचे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर गरज कागदावरच भागते. 'मानसिक आधार दिला' अशी नोंद तर स्वीकारूच नका. घरभेट, गटबैठक, मुलांसाठी खेळाची जागा, नेमकं काय ते लिहायला लावा.

स्फिअर मानकांतले, म्हणजे मदतकार्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या किमान निकषांतले, काही आकडे तोंडपाठ हवेत. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे एक नळ, २० माणसांमागे एक शौचालय (अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० मागे एक चालतं), माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. म्हणजे २,००० लोकांच्या छावणीला रोज ३०,००० लिटर पाणी आणि ८ नळ लागतील. शौचालयं आधी ४०, पुढे १००. पण आकडा जुळला म्हणजे काम झालं असं नाही. शौचालयाला आतून कडी नसेल, वाटेवर दिवा नसेल, तर बायका संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं टाळतात. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारणारा पुरुष असेल तर मुळीच नाही.

कडी आणि दिवा हाही मनोसामाजिक आधारच, म्हणजे मनाला आणि माणसांतल्या नात्यांना सावरणारी मदत. आंतरसंस्था स्थायी समिती (संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांचा समन्वय करणारा मंच) हिच्या २००७च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आधाराचा चार थरांचा पिरॅमिड आहे. तळाला सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, मग प्रशिक्षित कार्यकर्त्यांची नेमकी मदत, आणि टोकाला मानसोपचार. बहुतेकांना खालचे दोन थर पुरतात. नवखी संस्था मात्र थेट टोकावर तंबू ठोकते, आणि बाहेर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली की आत जाणाऱ्याकडे सगळी छावणी बघत बसते. त्यापेक्षा हीच सेवा दवाखान्यात किंवा महिलांच्या बैठकीच्या जागी द्या.

मानसिक प्रथमोपचार म्हणजे उपचार नव्हे. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढंच. घटना पुन्हा सांगायला लावू नका. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून एका बैठकीत अनुभव उगाळायला लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो, म्हणून आता तिची शिफारस केली जात नाही. 'सगळं ठीक होईल' हेही म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. झोप उडालेल्या प्रत्येकाला झोपेच्या गोळ्या वाटणंही चूकच. तीव्र ताणाच्या लक्षणांसाठी पहिल्या महिन्यात बेंझोडायझेपाइन (झोपेसाठी, मन शांत करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा एक गट) देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पहिल्या आठवड्यात हमखास निसटणारी गोष्ट वेगळीच आहे: आधीपासून मिरगीच्या किंवा गंभीर मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारी माणसं. घर पडलं, गोळ्या गेल्या, चिठ्ठीही गेली. मिरगीची औषधं एकदम थांबली तर झटके येतात आणि जिवावर बेततं. तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवर 'रोजची औषधं कोणती?' हा प्रश्न टाकून घ्या. उत्तर चारचौघांत मोठ्याने वदवून घेऊ नका. मनोरुग्णालयं, वृद्धाश्रम अशा जागी कोणी जाऊन आलंय का, हेही संस्थांच्या पहिल्याच बैठकीत विचारा. तिथली माणसं मदतीच्या रांगेत येऊ शकत नाहीत.

कोणाला पुढे पाठवायचं असेल तर आधी त्या माणसाची संमती घ्या. मग त्या सेवेला फोन करून ती खरंच चालू आहे का, कोणत्या वारी, पैसे पडतात का, हे बघा. यादीतला क्रमांक जुना असण्याची शक्यता भरपूर असते. काही दिवसांनी तो माणूस तिथे पोचला का, याची चौकशी करा. सगळ्यांना दिसणाऱ्या तक्त्यात नाव किंवा आजार कधीही लिहू नका. तिथे फक्त संख्या जाते.

वाटपाची यादी कुटुंबप्रमुखाच्या नावावर करतात, तेव्हा विधवा आणि एकटी मुलं गळतात. एकटं मूल सापडलं तर त्याला कोणाच्या हवाली करण्याआधी बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्यांना कळवा आणि ते कुठे, कोणासोबत सापडलं हे लगेच लिहून ठेवा. कुटुंबाचा शोध त्या दोन ओळींवरून लागू शकतो. तक्रार घेणारी व्यक्ती वाटपाच्या टेबलावर बसवू नका. ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्याच समोर कोण बोलणार?

नवा आधारगट सुरू करताना निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे ते पाहा, आणि तो महिना पहिल्याच बैठकीत सदस्यांना सांगून टाका.