महासंगणकाचा वापर सर्वांना कळेल असा डॅशबोर्ड कसा उभारावा

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फुटांवर गेली, एवढा एक आकडा कानावर पडला तरी कोल्हापूरकराला पुरतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी त्याला तोंडपाठ असते. महासंगणकाच्या वापराची माहितीही याच रीतीने, म्हणजे आकडा आणि त्याच्या शेजारी त्याची मर्यादा, अशी मांडावी. प्रोसेसरचा एक कोर, म्हणजे गणना करणारा एक भाग, तासभर वापरला की एक कोर-तास होतो. ‘या महिन्यात ३८,००० कोर-तास वापरले’ या वाक्यातून संशोधकाला काहीच कळत नाही. ‘मंजूर ४०,००० पैकी ३८,००० वापरले’ असे वाचताच तो पुढचा मोठा जॉब, म्हणजे यंत्राला द्यायचे गणनेचे काम, टाकण्यापूर्वी मार्गदर्शकांशी बोलतो.

२०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतील ‘परम ब्रह्म’सारखी यंत्रे उभी राहिली. कोल्हापुरात बसून अशा यंत्रावर लॉगिन करणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्र दिसत नाही आणि ते सांभाळणारी माणसेही भेटत नाहीत. त्याच्यासमोर असते ती फक्त आज्ञा टाइप करण्याची काळी टर्मिनल खिडकी. म्हणून आलेख काढण्याआधी त्याचे प्रश्न लिहून काढावेत. ते बहुधा तीनच निघतात: माझा जॉब कधी सुरू होणार, तो मध्येच का बंद पडला, आणि माझ्या गटाचा कोटा किती उरला. पहिल्या पानावर या तिघांचीच उत्तरे असावीत. यंत्राची एकूण क्षमता, नोडचे (महासंगणकातल्या एकेका संगणकाचे) तापमान वगैरे माहिती प्रशासकांच्या पानावर ठेवावी.

अनेक केंद्रांत जॉबची रांग स्लर्म ही प्रणाली सांभाळते आणि संपलेल्या जॉबची नोंद तिच्या हिशेबाच्या डेटाबेसमध्ये राहते. डॅशबोर्डचे पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी थेट स्लर्मला विचारणा करू नये, कारण वापरणारे वाढले की त्या विचारणांचाच ताण नियंत्रक प्रोग्रामवर येतो. दर काही मिनिटांनी एकाच प्रोग्रामने माहिती गोळा करून वेगळ्या डेटाबेसमध्ये ठेवावी, पाने तिथूनच दाखवावीत आणि ‘माहिती किती वाजताची’ हे भारतीय वेळेनुसार ठळक लिहावे.

हिशेबाच्या नोंदी वाचताना विशेष सावध राहावे लागते. ‘एसअ‍ॅक्ट’ ही स्लर्मची आज्ञा एका जॉबसाठी मुख्य ओळीखेरीज त्याच्या प्रत्येक टप्प्याची वेगळी ओळ देते. सगळ्या ओळींची बेरीज केली तर वापर फुगतो. केवळ मुख्य ओळी मागवल्या तर बेरीज बरोबर येते, पण जॉबने प्रत्यक्षात जास्तीत जास्त किती मेमरी घेतली तो आकडा टप्प्यांच्या ओळींत असल्याने हाती लागत नाही. म्हणून कोर-तास मुख्य ओळीवरून आणि मेमरी टप्प्यांवरून घ्यावी. महिनाअखेरीस सुरू होऊन पुढच्या महिन्यात संपणाऱ्या जॉबचा वेळही त्या त्या महिन्यापुरता कापून मोजावा, नाहीतर तोच वापर दोन्ही महिन्यांच्या खात्यावर चढतो.

आकडे हाती आले की त्यांचे वाक्य करावे. समजा, एका जॉबने ४८ कोर १० तास अडवून ठेवले, म्हणजे ४८० कोर-तास झाले. पण प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम ६० तासांचेच भरले. पडद्यावर नुसते ‘कार्यक्षमता १२.५ टक्के’ न लिहिता ‘४८ कोर घेतले, काम सरासरी ६ कोरांइतके झाले’ असे लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी किती कोर मागायचे याचा विचार आपोआप सुरू होतो. अर्थात या आकड्यावरून कोणाला दोष देण्याची घाई करू नये. डिस्कवरून माहिती वाचण्यात वेळ गेला तरी हा आकडा कमी दिसतो. उलट एकमेकांची वाट पाहत नुसत्या फिरत राहणाऱ्या एमपीआय प्रक्रिया (एकच काम वाटून घेऊन एकमेकींना निरोप देणारे प्रोग्राम) प्रोसेसर जवळजवळ पूर्ण वापरल्याचे दाखवतात. जीपीयूचे, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरचे, काम तर यात धरलेच जात नाही, त्याची मोजणी स्वतंत्र करावी लागते.

थांबलेल्या जॉबसमोर स्लर्म ‘रिसोर्सेस’ किंवा ‘प्रायॉरिटी’ असा एकच शब्द लिहितो. तो तसाच न ठेवता ‘मागितलेले नोड अजून रिकामे नाहीत’, ‘तुमच्यापुढे अधिक प्राधान्याचे जॉब आहेत’ अशी मराठी वाक्ये द्यावीत. मूळ शब्द मात्र बारीक अक्षरात शेजारी राहू द्यावा, कारण मदत मागताना तोच सांगावा लागतो. सुरू होण्याची वेळ दाखवताना ‘अंदाजे’ लिहायला विसरू नये. हा अंदाज इतरांनी मागितलेल्या कमाल वेळेवर बेतलेला असतो आणि बरेच जॉब त्याआधीच संपतात.

जॉबच्या नावातूनही अप्रकाशित संशोधनाचा विषय उघड होऊ शकतो. त्यामुळे विद्यार्थ्याला स्वतःचे, मार्गदर्शकांना आपल्या गटाचे आणि इतरांना केवळ एकूण आकडे दिसावेत.

सगळे स्वतः लिहिण्याची गरज नाही. वापराच्या दीर्घकालीन अहवालांसाठी ओपन एक्सडीमॉड आणि चालू स्थितीच्या आलेखांसाठी ग्राफाना ही मुक्त साधने चांगली आहेत; मात्र ती प्रशासकाच्या नजरेने घडलेली वाटतात, म्हणून पहिले पान तरी स्वतः बांधावे, असे माझे मत आहे. ते मोबाईलवर नीट दिसावे आणि लाल-हिरव्या रंगाच्या जोडीने शब्दही असावेत. पान तयार झाल्यावर पहिल्या वर्षाच्या संशोधक विद्यार्थ्याला काहीही न समजावता ते उघडायला द्यावे आणि त्याचा जॉब का थांबला आहे, हे विचारावे. त्याने उत्तर शोधायला पुन्हा टर्मिनल उघडले, तर ज्या ठिकाणी तो अडला ती ओळ बदलावी.